ताण सोसणारे बियाणे : हळव्या-गरव्यापासून पनवेल-१ पर्यंत

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातील एखाद्या वाचकाने हा आकडा ऐकला, तर येथे दुष्काळाचा प्रश्न कसा उद्भवतो, असे तो सहज विचारील. परंतु हा पाऊस जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि मधूनच आठ-पंधरा दिवस दडी मारतो. डोंगरउताराची मुरमाड जमीन पाणी धरून ठेवीत नाही. भात निसवण्याच्या सुमारास अशी उघडीप पडली, की लोंब्या येतात, पण पोचट राहतात. आमच्या भागातला दुष्काळ हा असा पंधरवड्याचा असतो. पावसाच्या वार्षिक सरासरीत तो दिसत नाही. कणगीत मात्र दिसतो.

या संकटावरचे पहिले उत्तर प्रयोगशाळेत सापडलेले नाही. ते आपल्या वाडवडिलांनी शोधले. माळावरच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे भात, मधल्या बांधांवर निमगरवे आणि ओलावा टिकून राहणाऱ्या खोलगट खाचरात गरवे, ही वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हळवे भात साधारण शंभर ते एकशे पंधरा दिवसांत तयार होते, म्हणजे पाऊस परतण्याआधी त्याचा दाणा भरून होतो. शास्त्रीय भाषेत याला ताण ‘टाळणे’ म्हणतात. ताण ‘सोसणे’ ही त्यापुढची पायरी. त्यात रोपाची मुळे खोल जाऊन खालची ओल शोधतात, पाने गुंडाळून बाष्पीभवन कमी करतात आणि पाऊस परत आला की वाढ पुन्हा सुरू होते. कर्जत-१८४ हे कर्जत येथील भात संशोधन केंद्राचे हळवे वाण, तर रत्नागिरी-२ हे गरवे. आजच्या या सुधारित वाणांची वर्गवारीही त्या जुन्याच शब्दांत केली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वरकस जमिनीवरील नागलीची गोष्ट थोडी निराळी. मूळ आफ्रिकेच्या उंच प्रदेशातले हे धान्य. त्याची पाने सूर्यप्रकाशाचा उपयोग अशा रीतीने करतात, की तेवढेच अन्न तयार करण्यास भातापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. चिकूच्या बागायतदारांनाही हा विचार अपरिचित नाही. चिकूचे कलम काटक रायणीच्या खुंटावर बांधतात, ते याच हिशेबाने.

आता नवे वाण घडते कसे, ते पाहू. भाताच्या एकाच फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे भात आपले परागसिंचन आपणच करते. दोन वाणांचा संकर करावयाचा, तर फूल उमलण्यापूर्वी तुसाचे टोक कापून पुंकेसर काढून टाकावे लागतात व त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग शिंपडावे लागतात. पहिली पिढी एकसारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र आई-बापांचे गुण नाना प्रकारे विखुरतात : कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी तग धरणारे, कोणी कोमेजणारे. त्यांतून हवी ती रोपे निवडून सहा-सात पिढ्या पुढे न्यावी लागतात, तेव्हा गुण स्थिर होतात. वर्षाला एकच पीक घेतले, तर चाचण्यांसह हे काम दहा वर्षांचे होते. यावरून संकरित बियाणे दर वर्षी विकत का घ्यावे लागते, तेही उमगते. कर्जतचेच ‘सह्याद्री’ हे संकरित भात पहिल्या पिढीचे असते. त्याचा दाणा राखून पेरला, की शेतात विखुरलेली दुसरी पिढी उभी राहते.

आपल्या किनारपट्टीशी निगडित असे या विद्येचे उत्तम उदाहरण खारजमिनीचे आहे. खाडीचे पाणी शिरलेल्या शेतात साधे भात जळते, कारण मीठ मुळांवाटे पानांपर्यंत चढते. काळा राता आणि भुरा राता ही जुनी तांबड्या दाण्याची भाते मात्र तेथे तग धरीत. पुढे भुऱ्या रात्यातून निवड करून ४-१० ही जात काढण्यात आली, आणि आयआर-८ या भरघोस उत्पन्नाच्या ठेंगण्या वाणाशी तिचा संकर करून पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१ तयार केले. म्हणजे उत्पन्न आयआर-८ कडून आले आणि सोसण्याची ताकद खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातून.

इतरत्रही हेच घडलेले दिसते. पुराखाली दोन आठवडे बुडूनही जगणारे ‘स्वर्णा-सब १’ हे वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले; त्यातील जनुक ओडिशातील एका देशी भाताचे आहे. बुडालेले साधे रोप वर येण्याच्या धडपडीत आपली साखर संपवून मरते. हे जनुक असलेले रोप वाढ थांबवून साठा जपून ठेवते. खाऱ्या जमिनीसाठी जगभर वापरले जाणारे जनुक केरळच्या पोक्काळी भाताचे आहे. हजारीबागच्या केंद्राने अवर्षणासाठी काढलेल्या वाणाचे नावच ‘सहभागी धान’ आहे, कारण त्याची पारख शेतकऱ्यांच्या शेतात, शेतकऱ्यांसह झाली. उष्णतेचेही तसेच. फुलोऱ्यात तापमान ३५ अंशांपलीकडे गेले, की पराग निकामी होऊ लागतात. त्यावर उत्तर प्रदेशातील जुने नगीना-२२ उपयोगी पडते. सूर्या कालव्याखाली उन्हाळी भात घेणाऱ्यांना ही अडचण दोन्ही बाजूंनी येते, डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिका थंडीने पिवळी पडते आणि पुढे फुलोरा उन्हात सापडतो.

निवड करण्यास पदवी लागत नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी दाखवून दिले. जेमतेम दीड एकराचे हे शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून वर्षानुवर्षे वाढविल्या, आणि त्यातून ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध झाले. नाव व्यापाऱ्याने घड्याळावरून दिले. ते वाण ताणाचे नव्हते, बारीक दाण्याचे होते. पण डोळा तोच लागतो.

म्हणूनच आम्हांस चिंता वाटते ती कणगीतल्या बियाण्याची. पिशवीतले बियाणे वाईट नाही. खाचरात ते अधिक पिकते आणि ते जरूर लावावे. परंतु माळावरचे हळवे भात एकदा पेरायचे राहिले, तर दोन-तीन वर्षांत त्याची उगवणशक्ती जाते. मग उद्याच्या संशोधकालाही संकरासाठी ते कोठून मिळणार? २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा आणि आपले वाण स्वतःच्या वा गावाच्या नावे नोंदविण्याचा हक्क दिला आहे. कोसबाड हिल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांना असे वाण अवश्य दाखवावे.

ज्यांच्या घरी अजून जुने भात आहे, त्यांनी या हंगामात कापणीपूर्वी शेतात फिरून मधल्या भागातील, सर्वांत भरलेल्या लोंब्या वेगळ्या खुडाव्यात. बांधाजवळच्या घेऊ नयेत, तेथे शेजारच्या वाणाची भेसळ असते. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावे. साठवणीच्या मडक्यावर वाणाचे नाव, गाव, जमीन माळाची की खाचराची, आणि पेरणीपासून कापणीपर्यंतचे दिवस, एवढे चार तपशील खडूने लिहून ठेवावेत. आजी-आजोबांना अक्षरओळख नसेल, तर हे काम घरातील विद्यार्थ्याने करावे.