आरोग्यसेवकांची गणना

परभणी जिल्ह्यातील पाथरी हा गोदावरीच्या खोऱ्यातील तालुका होय. येथील खेड्यात कोणी आजारी पडले, तर प्रथम आठवण होते ती आशाताईंची. उपकेंद्रात आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आणि पाथरीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका, अशी सेवेची ही साखळी आहे.

ही साखळी कोठे अखंड आहे आणि कोठे तुटली आहे, हे कळावे कसे? त्यासाठी सेवकांची गणना करावी लागते. मंजूर पदे किती, भरलेली किती व रिक्त किती, ही माहिती तालुक्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून राज्याला व राज्याकडून दिल्लीला जाते. पुढे देशोदेशींचे आकडे जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य संघटनेकडे जमा होतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसाच हा प्रकार! अशाच आकड्यांवरून संघटनेने २००६ साली दाखवून दिले, की ५७ देशांत डॉक्टर, परिचारिका व सुईणी यांची फार मोठी उणीव आहे. त्यांत भारतही होता.

तथापि ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. एकाच कामाला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सर्व व्यवसायांचे एक समान वर्गीकरण केले आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत सामुदायिक आरोग्यसेवकांना स्वतंत्र स्थान आहे. त्यामुळे गावोगाव हिंडणारी सेविका जगाच्या हिशेबात दिसू शकते.

दुसरी अडचण नोंदवहीची. एखादी परिचारिका परदेशी गेली, तरी येथील नोंदवहीत तिचे नाव तसेच राहते. तिकडेही तिची नोंद झाली, म्हणजे एक व्यक्ती दोनदा मोजली जाते. यास्तव नोंदलेले किती, एवढे पाहून भागत नाही. प्रत्यक्ष काम करणारे किती, हे पाहावे लागते.

तिसरी अडचण सरासरीची. समजा, एका गावात चार सेवक आहेत व दुसऱ्यात एकही नाही. सरासरी दोन भरते. परंतु दुसऱ्या गावच्या रोग्याला त्या सरासरीचा काय उपयोग?

म्हणून जेथे कोणी नाही, तेथे प्रामाणिकपणे शून्य लिहिणे हे मोठे कर्तव्य आहे. उणीव झाकली, तर ती भरून निघत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशा सेविकांचा गौरव केला. ज्या हातांनी गावातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवली, त्या हातांचीही मोजदाद व्हावी, हे न्याय्यच आहे.

स्वाध्याय

१. सेवकांची माहिती खेड्यापासून जिनिव्हापर्यंत कशी पोहोचते?
२. नोंदवहीतील आकडा व प्रत्यक्ष आकडा यांत फरक का पडतो?
३. ‘प्रामाणिकपणे शून्य लिहिणे हे मोठे कर्तव्य आहे’, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. आपल्या गावातील आरोग्यसेवकांची कामानुसार यादी करा.