कात्रजच्या तलावातील सूक्ष्म जीव : नावाचे महत्त्व

पुणे शहराच्या दक्षिणेस, कात्रज घाटाच्या पायथ्याशी असलेले दोन तलाव ही पेशवेकालीन पाणीपुरवठा योजनेची महत्त्वाची खूण होय. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ च्या सुमारास, येथील ओढ्याचे पाणी अडविण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे, अशी ही योजना होती. तेथून भूमिगत नळाने सुमारे ८ किलोमीटर अंतर कापून ते पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातील हौदांत पोहोचत असे.

पाणी गाळापासून मुक्त झाले म्हणजे ते निर्जीव झाले, असे मात्र नव्हे. कोणत्याही तलावाचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले, तर बहुधा त्यात बारीक पांढुरके ठिपके हलताना दिसतात. काही ठिपके झटके देत पुढे सरकतात, तर काही उड्या मारल्यासारखे वरखाली होतात. हे ठिपके म्हणजे कोळंबी व खेकडा यांचे अतिसूक्ष्म भाईबंद होत. पाण्यात तरंगत राहणाऱ्या या कवचधारी जीवांची गणना प्राणिप्लवकांत होते. त्यांतील बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर इतकीच असते. एवढ्याशा जीवांची मोजदाद आणि नावनिशी कशासाठी ठेवावयाची, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या खेड्यांनी सोसलेल्या एका रोगाच्या इतिहासात सापडते.

दोन प्रमुख गट

गोड्या पाण्यातील या जीवांचे दोन गट प्रमुख आहेत. पहिला गट जलपिसवांचा. डॅफ्निया, मोइना हे त्यातील परिचित वंश होत. परिस्थिती अनुकूल असताना त्यांची मादी नराविना प्रजनन करते आणि थोड्याच दिवसांत डबके जलपिसवांनी भरून जाते. पाणी आटू लागले किंवा परिस्थिती प्रतिकूल झाली, की ती जाड आवरणाची अंडी घालते. ही अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि योग्य वेळी फुटतात.

दुसरा गट अरित्रपादांचा. वल्ह्यासारख्या पायांवरून त्यांना हे नाव पडले. त्यांतील सायक्लॉप्स सर्वांत प्रसिद्ध आहे. ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले आहे, कारण त्याच्या डोक्यावर एकच डोळा असतो. मादीच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंस अंड्यांची एकेक पिशवी असते, तीवरून ती साध्या भिंगानेही ओळखता येते. अरित्रपादांच्या गोड्या पाण्यातील सुमारे २,८०० जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत. समुद्रात त्यांचे वैविध्य याहून किती तरी मोठे असून अनेक मासे त्यांवरच पोसले जातात. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत गोळा झालेल्या प्राणिप्लवकांच्या वर्गीकरणासाठी कोची येथे स्वतंत्र केंद्र उभारावे लागले होते.

नारूचा धडा

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ होती. नारू झालेला मनुष्य पाण्यात उतरला, की त्याच्या पायावरील फोड फुटून कृमीची असंख्य पिले पाण्यात मिसळत. सायक्लॉप्स ती गिळीत असे. सुमारे दोन आठवड्यांत ती पिले त्याच्या शरीरात पक्व होत. असे पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्स मरे, परंतु कृमी जगे. सुमारे वर्षभराने हातभर लांबीची मादी रोग्याच्या पायातून बाहेर पडू लागे. ऐन सुगीच्या दिवसांत माणूस अंथरुणास खिळून राही.

सायक्लॉप्सचा हा सहभाग रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० मध्ये दाखवून दिला. नारूवर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. त्यामुळे मधला दुवा तोडणे हाच उपाय होता. भारतात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. पायविहिरींचे रूपांतर काठावरून पाणी शेंदण्याच्या विहिरींत करणे, पाणी कापडाने गाळून पिणे, विहिरीत टेमेफॉस हे औषध टाकणे आणि लोकशिक्षण ही त्याची मुख्य अंगे होती. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. दोन मिलिमीटरच्या जीवाचे जीवनचक्र नीट ठाऊक झाल्यामुळेच हे यश शक्य झाले.

एका नावामागे अनेक जाती

आरोग्यविषयक लेखनात ‘सायक्लॉप्स’ हे नाव सरसकट वापरले जाते. वास्तविक त्या एका नावाखाली अनेक वंश व जाती येतात आणि त्या सर्वच नारूच्या वाहक नसतात. मेसोसायक्लॉप्स लेउकार्टी या जातीचे उदाहरण बोधप्रद आहे. १८५७ मध्ये युरोपातून वर्णिलेल्या या जातीचे नाव पुढे भारतासह जगभरच्या नमुन्यांना दिले जाऊ लागले. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख कीफर यांनी १९८१ मध्ये या नमुन्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा एका नावाखाली अनेक भिन्न जाती दडल्या असल्याचे स्पष्ट झाले. मेसोसायक्लॉप्स ॲस्पेरीकॉर्निस आणि मेसोसायक्लॉप्स थर्मोसायक्लॉपॉइडीस या भारतात आढळणाऱ्या जाती त्या गोंधळातून वेगळ्या ओळखता आल्या.

ही पारख चिकाटीची असते. बारीक जाळीने नमुना गाळून तो अल्कोहोलमध्ये किंवा फॉर्मेलिनमध्ये जतन केला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक पाय सुटा करून त्यावरील काटे व केस मोजले जातात, त्यांची रेखाचित्रे काढली जातात. पाचव्या पायाच्या घडणीवरून कित्येकदा जात ठरते. अलीकडे जनुकीय तपासणीची जोड मिळाली आहे. तरीही ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन झाले, तो संग्रहालयात जपून ठेवणे आजही आवश्यक मानले जाते.

पुण्यातील अभ्यास

या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र येथे १९५९ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये समीर पाध्ये आणि बेल्जियमचे हेन्री ड्युमाँ यांनी पुण्यातून मोइना हेमंती या जलपिसवेच्या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पाध्ये आणि अमेरिकन संशोधक क्रिस्तोफर रॉजर्स यांनी स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही पश्चिम घाटातील नवी जात जगापुढे आणली. पावसाळी डबक्यांत पोहणारी ही जात कोळंबीसारखी दिसते. ज्या शहराभोवती शिक्षणसंस्थांची एवढी दाटी आहे, तेथेही विज्ञानाला अनोळखी जीव सापडावा, यावरून इतर जिल्ह्यांतील पाणवठ्यांत किती काम शिल्लक असेल, याची कल्पना यावी.

शत्रू आणि मित्र

मेसोसायक्लॉप्स डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या फस्त करतो. व्हिएतनाममध्ये साठवणीच्या टाक्यांत असे जीव सोडून, गावकऱ्यांच्या सहभागाने, एका गावातून डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाचे उच्चाटन झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. म्हणजे काल ज्याला औषध टाकून मारावे लागले, त्याच्याच कुळातील जीव आज उपयोगी ठरू शकतो. मात्र सर्वच जाती अळ्या खात नाहीत. आफ्रिकेतील मोजक्या देशांत नारू अद्याप शिल्लक आहे, हेही विसरून चालणार नाही. म्हणूनच असा प्रयोग जातीची खात्रीशीर ओळख आणि आरोग्य विभागाचे मार्गदर्शन यांशिवाय करू नये. मत्स्यबीज केंद्रांतही मोइनासारख्या जलपिसवा माशांच्या पिलांचे उत्तम खाद्य ठरतात.

गावाने काय करावे

कात्रज परिसर आता शहराचा भाग झाला आहे. अशा वाढत्या वस्तीत लहान डबकी, ओढ्यांचे डोह आणि पावसाळी पाणथळी प्रथम बुजविल्या जातात. त्यांत कोणत्या जाती होत्या, याची नोंद होण्यापूर्वीच त्या नाहीशा होण्याचा धोका असतो. तलावातील गाळ काढणे हे साठवणीच्या दृष्टीने हिताचे काम आहे. परंतु याच गाळात पुढील पिढीची अंडी निजलेली असतात. काठालगतचा थोडा भाग जसाच्या तसा राखला, तर खर्चात फारसा फरक पडणार नाही आणि तलावातील जीवसृष्टी पुन्हा उभी राहण्यास आधार मिळेल. सांडपाणी तलावात न सोडणे ही तर पहिली अट होय.

शाळांना यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. मलमलीचे कापड, तारेचे कडे, एक बाटली आणि साधे भिंग एवढ्या साहित्यात गावतळ्याचे निरीक्षण करता येते. मृग, भाद्रपद आणि माघ अशा तीन वेळा पाणी तपासून दिनांक, जागा व आढळलेले जीव यांची वही ठेवली, तर काही वर्षांत त्या गावाची अशी नोंद तयार होईल, जी आज अनेक ठिकाणी उपलब्ध नाही. मुलांना पाण्याकाठी नेताना शिक्षकांनी सोबत राहावे, हे सांगणे नकोच.

पाणी गाळून पिण्याची सवय लावून एका पिढीने नारू हद्दपार केला. गाळलेल्या कापडावर काय उरले, ते पाहण्याची सवय पुढच्या पिढीला लावणे हे आता शाळेचे व ग्रामपंचायतीचे काम आहे.