जुनी क्रोनोग्राफ घड्याळे : शौक करा, पण पारखून

कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. ताका हाती आला की आधी उजेडात धरावा, पोत बोटांनी बघावा, मगच भाव विचारावा, ही शिकवण आम्हाला वडिलांकडून मिळाली. तरीही एका वस्तूत आम्ही फसलो. ती वस्तू म्हणजे जुने क्रोनोग्राफ मनगटी घड्याळ. दहिवलीच्या आमच्या दुकानात येणारे काही तरुण अशी घड्याळे जमवतात आणि त्यांत पैसा घालतात. त्यांच्या उपयोगासाठी हे चार शब्द.

क्रोनोग्राफ म्हणजे काय?

वेळ दाखवणाऱ्या घड्याळातच वेळ मोजण्याची सोय असते, ते क्रोनोग्राफ. वरचे बटण दाबले की मोठा सेकंदकाटा सुरू होतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे बटण दाबले की तो बारावर परत येतो. नावाचा अर्थ 'काळ लिहिणारे' असा आहे. 1821 साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक यांनी वापरलेले यंत्र खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. हाताच्या हालचालीने चावी भरणारे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ 1969 साली आले. त्यात स्विस कंपन्यांबरोबर जपानची सैकोही होती. सैकोच्या त्या यंत्राचा नंबर 6139.

ओढ कशाची?

त्या काळी आपल्या देशात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती. कोकणातील जे लोक रोजीसाठी आखातात गेले, त्यांच्या मनगटावर सैको आणि सिटिझन इकडे आली. आमचे मामू कुवेतहून असेच एक 6139 घालून आले होते. कर्जतहून भिवपुरीकडे लोकलने जाताना ते आम्हाला खिडकीशी बसवत. रुळाच्या कडेला किलोमीटरचा दगड आला की बटण दाबायचे, पुढचा दगड आला की थांबवायचे. काटा कडेच्या ज्या आकड्यावर थांबेल, तो गाडीचा ताशी वेग. हिशेब सोपा आहे : 3600 ला सेकंदांनी भागा. 60 सेकंद लागले तर वेग 60, 45 लागले तर 80. भागाकार आम्ही शाळेत शिकलो, पण समजला तो त्या गाडीत. या घड्याळांची ओढ आम्हाला लागली ती अशी.

आम्ही कसे फसलो?

काही वर्षांपूर्वी मंगलदास मार्केटला खरेदीसाठी गेलो होतो. येताना चोरबाजारात वळलो. एका ठिकाणी पिवळ्या तबकडीचे 6139 दिसले, अगदी कोरे. विल्यम पोग हे अंतराळवीर 1973 साली स्कायलॅबवर गेले तेव्हा असेच पिवळे घड्याळ त्यांच्याजवळ होते, म्हणून त्याला मागणी फार. आम्ही मामूंच्या आठवणीत नऊ हजार मोजले. घरी कारागिराने उघडले तेव्हा कळले की तबकडी नव्याने रंगवलेली आहे. काटाही बारावर न थांबता दोन सेकंद पुढे थांबत होता.

घेण्यापूर्वी काय बघावे?

1) तबकडी : भिंगाने बघा. अक्षरे जाड, फुटलेली किंवा तिरकी असतील तर ती रंगवलेली समजा. पन्नास वर्षांची तबकडी नवीसारखी चकाकत असेल तर आनंदी होऊ नका, शंका घ्या.

2) नंबर : सैकोच्या पाठीवर 6139-6002 असा नंबर असतो. तबकडीच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत 6139 ने सुरू होणारा नंबर हवा. रंगवताना बहुधा हीच ओळ बुजते. पाठीवरच्या दुसऱ्या लांब नंबरातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही इंग्रजी अक्षरे येतात.

3) बटणे : चालू, बंद, परत, असे दहा वेळा करा. काटा दर वेळी बरोबर बारावर आला पाहिजे. पाच मिनिटे चालवून मिनिटांचा छोटा काटाही सरकतो का ते बघा.

4) खर्च : यंत्र खोलून साफ करण्याचा खर्च कारागिराला आधी विचारा आणि तो भावात धरा. सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

विकणाऱ्याची जबाबदारी

पुढे एका तरुणाने आमच्या त्याच घड्याळाला बारा हजार देऊ केले. तबकडीबद्दल त्याने काही विचारले नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्याने विचारलेच नाही, तर आपण कशाला सांगायचे?" खरे सांगायचे तर क्षणभर आमचेही मन डगमगले. पण डागी ताका आम्ही डाग दाखवूनच विकतो, मग घड्याळाला निराळा कायदा कसा? आम्ही ऐब सांगितला. तरुणाने घड्याळ परत ठेवले आणि गेला.

तबकडी रंगवणे हा गुन्हा नाही. रंगवलेली तबकडी अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे. घेणाऱ्याने विचारावे, पण विकणाऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये.

ते घड्याळ आमच्या गल्ल्यात आहे. वेळ ठीक दाखवते. त्याला चिठ्ठी बांधली आहे : 'तबकडी रंगवलेली'. आमच्यानंतर मुलगा ते विकेल, तेव्हा चिठ्ठीसकट विकावे, एवढेच त्याला सांगून ठेवले आहे.