दगडाच्या भिंतीआधी अण्णांचं ऐकून घे

चि. सुहास,

परवा लग्नात औशाचे अण्णा भेटले. तू काढत असलेल्या त्यांच्या घराच्या नकाशाचं विचारलं तर म्हणाले, ‘दुसरा इंजिनिअर बघतोय.’ पुढे गप्पच. मग काकूंनी सांगितलं. अण्णा म्हणाले, दगडाची भिंत नको. त्यावर तू म्हणालास, ‘तुम्हाला यातलं काय कळतं?’ हे खोटं असेल तर आजच मला फोन कर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा अण्णांना ढिगाऱ्याखालून ओढून काढलं होतं. त्यांची आई आणि धाकटी बहीण गेल्या. अक्काने तुला हे कधी सांगितलंच नसेल, असं मला वाटत नाही.

दगडाचं घरही पक्कं बांधता येतं हे तुझं म्हणणं बरोबर आहे, तेही सांगतो. भूकंपात पडलेल्या त्या भिंती मातीत रचलेल्या, आतला-बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड नव्हते. वर माळवद, आणि त्यावर वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी टाकलेली पांढरी माती. भिंती फुटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जोडदगड घातले, लिंटेलला काँक्रीटचा पट्टा फिरवला, तर दगडाचं घर उभं राहतं. पण हे तू अण्णांशेजारी बसून सांगितलंस का? आणि सांगूनही त्यांना त्या भिंतीआड झोप लागणार नसेल, तर ती कोणासाठी बांधायची?

लॉरी बेकरांवर तुझी श्रद्धा आहे. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी केरळातल्या कामात मानला, म्हणून तुलाही दगड हवा. पण बेकर आधी घरात राहणाऱ्यांशी बोलत, जागेवर उभं राहून आराखडा बदलत. तेही तू वाचलं असशीलच.

भूकंपानंतर मी नवा ज्युनिअर इंजिनिअर, पुनर्वसनाच्या कामावर. शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रांगा आखत होतो. एका म्हातारीने विचारलं, ‘बाळा, बैल कुठं बांधू?’ नकाशा वरून मंजूर होऊन आलेला. साहेबांना विचारण्याचं धाडस झालं नाही; मी फक्की टाकत पुढे गेलो. ती बोच अजून आहे. म्हणून ‘तुम्हाला काय कळतं’ हे तुझ्या तोंडचं ऐकून रात्रभर डोळा लागला नाही.

फार बोललो का रे? कॉलेजच्या पहिल्या वर्षी तू आजोळचा वाडा मोजून काढला होतास, तो कागद माझ्या कपाटात आहे. गोठा, उखळ, चुलीपासून रांजणापर्यंत आजीची पावलंसुद्धा मांडली होतीस. इतकं बारीक बघणारा पोरगा माणूस दुखावायचा म्हणून बोलणार नाही. कामाच्या घाईत तोंडून निघून गेलं असेल.

रविवारी ये. अण्णांकडे दोघं जाऊ, म्हणजे तुला अवघडायला होणार नाही. कागद कोराच आण. आणि रात्रीच्या एसटीने निघू नकोस, तुझी झोप होत नाही.

तुझा,
मामा