मुंबईत पोटाची सोय

मुंबईला जाणं कुणाला चुकलं आहे? कुणी नोकरी शोधायला जातो, कुणी लेकीकडे जातो, कुणी लालबागचा गणपती पाहायला जातो. पण पुष्कळ लोक जातात ते दुखणं घेऊन. परळला के. ई. एम. रुग्णालय आहे. ते १९२६ साली सुरू झालं. जवळच टाटा रुग्णालय आहे, ते १९४१ सालचं. तिथं कर्करोगाचे रोगी गावोगावाहून येतात. रोग्याला खाट मिळाली म्हणजे त्याच्या जेवणाची सोय आत होते. पण सोबत आलेल्या माणसाचं काय? घरून आणलेली शिदोरी दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी भाकरी वाळते. मग बाहेर पडावं लागतं.

बाहेर खाण्याच्या जिनसांना तोटा नाही. तोटा असतो तो धीराचा. आत गेलो तर कोण काय म्हणेल? किती पैसे घेतील? काय मागायचं आणि कसं मागायचं? नुसत्या चहावर दिवस काढणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. गाठीला पैसे असून उपाशी! त्यांत बायका जास्त. एकट्या बाईनं हॉटेलात कसं शिरायचं, हा त्यांना संकोच.

तुम्ही आता वाचू लागला आहात. तेव्हा आज आपण हॉटेलाची पाटी वाचू, दरपत्रक वाचू आणि बिलही वाचू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईतलं बाहेरचं खाणं बहुतेक सगळं परगावच्या माणसांनी सुरू केलं, आणि परगावच्या माणसांसाठीच सुरू केलं. तिथं तुम्ही काही उपरे नाही.

खाणावळीचंच पाहा. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढं लालबाग, परळ भागात गिरण्याच गिरण्या झाल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतले गडी कामाला आले. बायकामुलं गावीच राहिली. चाळीतल्या एका खोलीत पंधरा-पंधरा, वीस-वीस गडी राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागी झोपे. अशा माणसांनी चूल कुठं मांडायची? मग शेजारच्या खोलीतली एखादी बाई त्यांना जेवू घाली. स्वतःच्या घरातच दोन वेळा दहा-वीस ताटं वाढायची. पैसे मिळायचे ते पगार झाल्यावर. तोवर वाणी उधारीवर धान्य देई, नाहीतर सावकार व्याजानं पैसे देई. गिरणी बंद पडली, संप झाला, तरी ताट वाढावंच लागे. उपाशी गड्याला दारातून परत कसं पाठवायचं?

या बाया रोज शेकडो माणसांना जेवू घालीत होत्या, पण त्यांचं नाव कुठं लागत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एकेकट्या बाईला बँक उभी करीत नव्हती. मंडळाच्या जोरावर बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं आणि सावकाराचा पाश सैल झाला. आम्हांला विचाराल तर गिरणगावच्या इतिहासात गिरणीच्या भोंग्याइतकाच या बायांच्या तव्यालाही मान आहे.

गिरण्या गेल्या तरी खाणावळी आहेत. गिरगाव, दादर, लालबाग या भागांत त्या सापडतात. तिथं थाळी किंवा 'राईस प्लेट' मागावी. पाटीवर 'लिमिटेड' लिहिलं असेल तर वाढलं तेवढंच, पुन्हा मागितलं तर वेगळे पैसे. 'अनलिमिटेड' असेल तर पोटभर वाढतात. हे दोन शब्द नीट वाचून मगच बसा. पुष्कळांची फसगत इथंच होते. मालवणी आणि गोमंतकी खाणावळीत आणखी एक खुबी असते. बांगडा, बोंबील यांच्यापुढं दर लिहिलेला असतो. पापलेट, सुरमई यांच्यापुढं मात्र कधीकधी आकडाच नसतो, 'साइजप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुकडा जेवढा मोठा, तेवढे पैसे जास्त. तिथं लाजू नये. 'आजचा भाव काय?' असं आधी विचारावं. मुंबईचे लोकसुद्धा विचारतात.

आता इराण्याचं हॉटेल घ्या. इराण देशातून आलेल्या पारशी धर्माच्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही हॉटेलं काढली. गिरगावाच्या शेजारी धोबी तलावावर कयानींचं हॉटेल आहे, ते १९०४ सालचं आणि अजून चालू आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या. चहा, ब्रून मस्का, खिमा, आम्लेट. ब्रून म्हणजे कडक पाव, मस्का म्हणजे लोणी. पाव चहात बुडवून खायचा. इराण्याकडे गिऱ्हाईक कोण, कुठला, याची चौकशी होत नसे. एक कप चहावर माणूस तासभर बसला तरी चाले.

ही गोष्ट साधी नव्हती. त्या काळी खाणावळी जातवार असत. दलित माणसाला कित्येक ठिकाणी आत घेत नसत, घेतलंच तर कपबशी वेगळी देत. परळच्याच बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले. पुढं ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९५० साली ती घटना अमलात आली. तिच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथं कुणालाही अडवता येत नाही. अस्पृश्यता पाळून कुणाला हॉटेलात येऊ दिलं नाही, तर १९५५ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तेव्हा हॉटेलाच्या दारात कुणी तुमची जात विचारू लागला, तर उत्तर द्यायचं काही कारण नाही. बाईनं एकटीनं जाऊन जेवायलाही कुणाची हरकत चालत नाही.

उडुपी हॉटेलं कर्नाटकातून आलेल्या लोकांची. इडली, डोसा, उपमा आणि ताजा चहा. दादरच्या पलीकडे माटुंग्याला ती पुष्कळ आहेत. स्वस्त, झटपट आणि शाकाहारी. रोग्याला पथ्याचं काही न्यायचं असेल तर इडली बरी. घेऊन जायचं असलं की 'पार्सल' म्हणावं.

आपल्या मराठी उपाहारगृहांत मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियुष मिळतं. दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं, जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून. जगातले सगळे पदार्थ चाखायला सवड कुणाला असते! पण मिसळ चांगली, यात शंका नाही.

आणि वडापाव तर सगळ्यांना माहीत आहे. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडापावाची गाडी लावली आणि तिथून तो सगळीकडे गेला, असं सांगतात. कामावर धावणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या खाता येईल असं हे जेवण. यातली मौज पाहा. पाव हा शब्द पोर्तुगीज लोकांचा. बटाटा आणि मिरची यांचं मूळ अमेरिका खंडात, तीही पोर्तुगिजांनीच आपल्याकडे आणली. आपलं त्यात बेसन, लसूण आणि अक्कल! वडापाव घेताना एवढं करा, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला घेऊ नका. छपाईची शाई गरम तेलात उतरते. खाण्याचा पदार्थ अशा कागदात बांधायला मनाई आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. डॉ. दत्ता सामंत हे त्यांचे पुढारी होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कामगार देशोधडीला लागले. काहींनी वडापावाच्या गाड्या टाकल्या आणि त्यावर संसार चालवले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि बाजार उठले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता मोठा मॉल आहे. मॉल म्हणजे एका छपराखालचा बाजार. जिथं गडी डबा सोडून झुणका-भाकर खात होते, तिथं आज पोरं बर्गर आणि नूडल्स खातात.

बर्गर म्हणजे काय? पावात घातलेली टिक्की. जर्मनीतल्या हँबर्ग शहरावरून हे नाव पडलं. परदेशात टिक्की गोमांसाची असते. अमेरिकेची मॅकडोनाल्ड कंपनी १९९६ साली भारतात आली, तेव्हा तिला गोमांस वगळावं लागलं. पुढं तिनं बटाट्याची टिक्की घातली. म्हणजे वडापावाचाच चुलतभाऊ! अशा दुकानात बसलात तर कुणी विचारायला येत नाही. आधी खिडकीपाशी रांगेत उभं राहायचं, पदार्थ सांगायचा, पैसे द्यायचे, पावतीवरचा क्रमांक पुकारला की ताट स्वतः उचलायचं. खाऊन झाल्यावर कागद-पेले टोपलीत टाकायचे. ही रीत माहीत नसली की माणूस अर्धा तास बसून राहतो आणि उठून जातो. आपला अपमान झाला असं त्याला वाटतं. अपमान कुणी केलेला नसतो.

नूडल्स म्हणजे पिठाच्या लांब शेवया. त्या चीन देशातल्या. पण 'मंचुरियन' नावाचा जो पदार्थ चायनीजच्या गाडीवर मिळतो, तो मुंबईचाच. नेल्सन वांग हे कोलकात्याहून आलेले चिनी वंशाचे आचारी. त्यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस घालून कोंबडीचा एक नवा पदार्थ केला आणि त्याला मंचुरियन नाव दिलं. आता तो कोबीचाही मिळतो. शेजवान म्हटलं की तिखट समजा. लालभडक रंग दिसला तर मात्र दूर राहिलेलं बरं. दुखणेकऱ्याला तर नकोच.

एक इशारा देतो. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. चौदा माणसं दगावली. वरच्या मजल्यावर जेवायला गेलात तर बसण्यापूर्वी बाहेर जायचं दुसरं दार कुठं आहे ते पाहून ठेवा. 'एक्झिट' म्हणजे बाहेरची वाट. ही पाटी हिरव्या दिव्याची असते.

आता बिल वाचू. हे आकडे नमुन्याचे आहेत.

राईस प्लेट २, दर १४०: रु. २८०
ताक २, दर ३०: रु. ६०
बेरीज: रु. ३४०
सी. जी. एस. टी. अडीच टक्के: रु. ८.५०
एस. जी. एस. टी. अडीच टक्के: रु. ८.५०
एकूण: रु. ३५७

खालच्या दोन ओळी पाहून लोक म्हणतात, कर दोनदा घेतला. तसं नाही. कर एकूण पाच टक्के. त्यातला अर्धा केंद्र सरकारचा आणि अर्धा राज्याचा. पण हा कर घ्यायचा तर दुकानाचा जी. एस. टी. क्रमांक बिलावर छापलेला पाहिजे. क्रमांक नाही आणि कर लावला आहे, असं दिसलं तर विचारा.

काही ठिकाणी 'सर्व्हिस चार्ज' अशी आणखी एक ओळ असते. दहा टक्के म्हटले तर वरच्या बिलात चौतीस रुपये वाढतील. हा सरकारी कर नाही, ही हॉटेलवाल्यानं लावलेली रक्कम आहे. ती आपोआप बिलात धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलं. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानंही प्राधिकरणाचंच म्हणणं मानलं. तेव्हा 'ही रक्कम काढा' असं शांतपणे सांगावं. वेटरला खुशीनं दोन पैसे द्यायचे असतील तर ते वेगळे. ऐकलं नाही तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या क्रमांकावर फोन करा. तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तुमच्या गावाहूनही लागतो.

मुक्काम लांबला की रोजचा हॉटेलखर्च झेपत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथं बाहेरगावच्या रोग्यांची आणि सोबतच्या माणसांची राहण्याची सोय होते. टाटा रुग्णालयाच्या आसपास काही धर्मादाय संस्था रोग्यांना आणि नातेवाइकांना विनामूल्य जेवण देतात. हे सांगायला तिथं दारोदार कुणी फिरत नाही. रुग्णालयात गेल्या दिवशीच 'समाजसेवा विभाग' अशी पाटी शोधा, रोग्याचे कागद बरोबर घ्या आणि त्या खोलीत जाऊन विचारा.