साहसाचा आरंभ कोणत्या पातळीवर करावा?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळात एक जण सूत्रधार होतो. कथेचे जग, त्यातील माणसे आणि संकटे उभी करणे हे त्याचे काम. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात व त्या पात्राने काय करावे, हे ठरवितात. कृती सफल झाली की विफल, याचा निर्णय पुष्कळदा फाशांवर सोपविलेला असतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून हा प्रकार रूढ झाला. पात्राचा अनुभव वाढतो तसतशी त्याची पातळी चढते, ही कल्पनाही त्याच खेळाने लोकप्रिय केली.

आपल्याकडील मोक्षपटात, ज्याचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, सर्वांची सोंगटी पहिल्याच घरातून निघते. तेथे निवड नसते. भूमिकाप्रधान खेळात मात्र सूत्रधाराला ती करावी लागते. पात्रे पहिल्या पातळीची असावीत, तिसऱ्या की दहाव्या? हा निर्णय चुकला, तर उत्तम कथाही पहिल्याच संध्याकाळी कोसळते. म्हणून या पाठात त्याचा स्वतंत्रपणे विचार करावयाचा आहे.

पातळी म्हणजे काय?

पातळी म्हणजे केवळ बळ, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. पातळीबरोबर तीन गोष्टी बदलतात. पहिली, पात्र किती घाव सोसू शकते. दुसरी, खेळाडूला दर वेळी किती पर्यायांतून निवड करावी लागते. तिसरी, कोणती संकटे खरोखर संकटे राहतात. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे नवखा सूत्रधार हमखास दुर्लक्ष करतो. कथेचे भवितव्य मात्र तिच्यावरच अवलंबून असते.

एक उदाहरण

समजा, बंगळूरच्या चामराजपेटमधील एका घरी पाच जण खेळावयास जमले आहेत. त्यांतील एक सूत्रधार असून उरलेल्या चौघांपैकी दोघे अगदी नवखे आहेत. चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये वसविण्यात आली. तिच्या शेजारी बंगळूरचा जुना किल्ला आहे. त्याचा दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. सूत्रधाराने याच परिसरातील, परंतु १७९१ सालचे कथानक योजिले. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने ७ मार्च रोजी पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला घेतला. या दोन आठवड्यांच्या अवधीत पेठेतील चौघांनी, पहारा चुकवून, किल्ल्यात एक पत्र पोहोचवावयाचे आहे. तारखा इतिहासातील आहेत. पत्र, चौघे आणि त्यांतील एकाची मंत्रविद्या या गोष्टी कल्पनेतील.

आता 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीचे नियम लावून पाहू. तेथे साध्या पहारेकऱ्याला ११ प्राणांक असतात. त्याच्या भाल्याचा घाव सरासरी ४ ते ५ आणि सामान्यतः अधिकाधिक ७ अंकांचा असतो. पहिल्या पातळीवरील बेताच्या प्रकृतीच्या मांत्रिकाजवळ सुमारे ७ प्राणांक असतात. म्हणजे एकच पुरा घाव त्याला खाली पाडण्यास पुरेसा आहे. धडधाकट योद्ध्याजवळ १२ असतात. तो एका घावाने पडत नाही. तिसऱ्या पातळीवर हेच अंक अनुक्रमे सुमारे १७ व २८ होतात. आता पहारेकरी भयावह आहे. परंतु फाशाच्या एका वाईट दानाने कोणी कोसळेल अशी धास्ती नाही.

पाचव्या पातळीवर चित्र पूर्णपणे पालटते. मांत्रिकाला अग्निगोलाचा मंत्र साध्य होतो. त्याची हानी ८ फाशांची, म्हणजे सरासरी २८ असते. चपळाईने अंग चोरणाऱ्यालाही निम्मी, म्हणजे १४ सोसावी लागते. ११ प्राणांकांचा पहारा बहुधा एका मंत्रात नाहीसा होईल. अंधारातून सरपटत जाणे, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतविणे, खंदकाची बाजू हेरणे, यांची मग गरजच उरत नाही. पहारा चुकविण्याची कथा पाचव्या पातळीवर कथाच राहत नाही. ज्याला पाचव्या पातळीची पात्रेच हवी आहेत, त्याने कथानक बदलावे. पहारेकऱ्यांची संख्या दहापट करून हा दोष झाकला जात नाही.

निर्णयाचे तीन प्रश्न

म्हणून सूत्रधाराने प्रथम विचारावे : या कथेतील मुख्य संकट कोणते, आणि कोणत्या पातळीपर्यंत ते संकट राहते? छापील साहसकथांवर पातळी नमूद करण्याची प्रथा याच कारणाने पडली. 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही कथा १ ते ३ पातळ्यांसाठी होती, तर १९७८ मधील 'टूम ऑफ हॉरर्स' १० ते १४ पातळ्यांसाठी. १९९१ मधील 'डार्क सन' या मालिकेचे वाळवंटी जग इतके निष्ठुर होते की तेथे पात्रांचा आरंभच तिसऱ्या पातळीवर होई.

दुसरा प्रश्न : खेळाडूंना किती ठाऊक आहे? नवख्याला वरच्या पातळीचे पात्र देणे ही कृपा वाटते. प्रत्यक्षात ते ओझे असते. न शिकलेल्या दहा विद्यांची यादी हाती घेऊन तो मुकाट बसतो. उलट, ज्याचे पात्र पहिल्या पाव तासात कोसळले, तोही उरलेली संध्याकाळ मुकाटच बसतो आणि कदाचित पुन्हा येत नाही. या दोन्ही मौनांपासून खेळाडूला वाचविणे हेच सूत्रधाराचे खरे काम होय.

तिसरा प्रश्न : खेळ किती दिवस चालणार? वरील नियमांत दुसऱ्या पातळीस ३०० व तिसऱ्या पातळीस ९०० अनुभवांक लागतात. पाचवीस मात्र ६५००. आरंभीच्या पातळ्या लवकर सरतात. म्हणून दीर्घ कथेत पहिल्या पातळीवरून निघण्यात फारसा वेळ जात नाही आणि पात्राची वाढ खेळाडूच्या डोळ्यांदेखत होते. एकाच बैठकीच्या कथेत ही वाढ शक्य नसल्याने तिसरी पातळी सोयीची ठरते.

आपल्या उदाहरणातील चौघांपैकी दोघे नवखे आहेत. खेळ तीन-चार बैठका चालणार असेल, तर पहिल्या पातळीवर आरंभ करावा. पहिल्या बैठकीत भाल्याशी गाठ न घालता पेठेतील निरोप, वेषांतर, वाटाड्याचा शोध असे प्रसंग द्यावेत आणि किल्ल्याच्या तटापाशी पोहोचेपर्यंत पात्रांना तिसऱ्या पातळीवर आणावे. एकच बैठक असल्यास थेट तिसऱ्या पातळीवर आरंभ करून नवख्यांना योद्ध्याची भूमिका द्यावी व मांत्रिक जाणत्याकडे सोपवावा.

सर्वच खेळांना हे माप लागू नाही. १९७७ मधील 'ट्रॅव्हलर' आणि १९८१ मधील 'कॉल ऑफ क्थुलू' या खेळांत पातळ्या नाहीत. तेथे पात्राचा पूर्वानुभव त्याच्या कौशल्यांतून दिसतो. तरीही मूळ प्रश्न तोच राहतो : पात्राला किती येते, आणि काय येत नाही? जे येत नाही, त्यातूनच साहस निर्माण होते.

स्वाध्याय

१. वरील कथेत पहारेकऱ्यांऐवजी कोणते संकट योजिल्यास पाचव्या पातळीची पात्रे शोभतील?
२. आपल्या गावाजवळील एखादा किल्ला निवडून एका बैठकीची कथा आखा. आरंभीची पातळी ठरवा व वरील तीन प्रश्नांच्या आधारे तिचे समर्थन करा.