मॉनिटर जरा कमी करा

तबलजीच्या बोटाला चीर पडली तर यजमान स्वतः धावपळ करून पट्टी आणून देतात. कानाची चौकशी कुणी करत नाही. आमचा धंदा खरा चालतो तो कानावर.

भावगीतं, अभंग, लावणी, अधूनमधून नाट्यसंगीत, अशा कार्यक्रमांत मी वर्षानुवर्षं साथ करत आलो. बैठकीच्या गाण्यात कधी त्रास नव्हता. पुढे मंचावर ऑक्टोपॅड आला, कीबोर्ड आला, बेस गिटार आली आणि या गर्दीत आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून प्रत्येकापुढे मॉनिटर आला. गायकाने आपला वाढवून घेतला की मला तबला ऐकू येईना. मग माझा वाढायचा, मागोमाग ढोलकीवाल्याचा. साउंडवाल्याला काय बोलणार, तो बिचारा सगळ्यांचंच ऐकतो! माझ्या उजव्या अंगाला ऑक्टोपॅडचा स्पीकर कायमचाच. कार्यक्रम उरकला की कानात दडे बसायचे, सकाळपर्यंत मोकळे व्हायचे. सगळ्यांचंच तसं होई, म्हणून कुणी बोलत नसे.

एकदा ग्रीनरूममध्ये तबला लावत होतो. हातोडीने गट्ठा ठोकला, सूर जुळला, पण चाटेवरचा 'ना' मुका वाटत होता. मी पुडीला बोल लावला. शेजारी बसलेला शिष्य म्हणाला, "गुरुजी, ना तर लखलखीत वाजतोय." मान वळवून डावा कान तबल्याकडे केला. खरंच लखलखीत होता.

ऑडिओग्राम काढला तेव्हा उजव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेली दिसली. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ठरलेली खूण. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सोबत शिट्टीही आली, दिवसा दबलेली, रात्री मोकाट. वादकाची खोड, तिचाही सूर शोधला: पांढरी सात, पण फार वरच्या सप्तकातली. ती घालवणारी गोळी नाही. मोबाइलवरचा तानपुरा अगदी बारीक लावून झोपलो की ती मागे सरते, एवढा माझा अनुभव. घरच्यांनी कानात तेल सोडायचा आग्रह धरला होता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काही घालू नका.

हिशेब सोपा आहे आणि आपल्याला शिकवायला हवा होता. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढले तर दिवसाचा कोटा संपतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत. त्यांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो, पण कानाला काही लावलेला वादक मला क्वचितच दिसतो.

कापसाचे बोळे आमच्यात फार वापरतात. त्यांनी स्वराची चमक जाते, संरक्षण मात्र नावापुरतं. वादकांसाठी फिल्टरचे इअरप्लग मिळतात. ते सगळे स्वर जवळपास सारखेच खाली आणतात, त्यामुळे सूर ओळखता येतो. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत हात जड पडतो, मग सवय होते. लोकलच्या खडखडाटात रेकॉर्डिंग ऐकताना आवाज वाढत जातो, तिथे बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन खरंच उपयोगी. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप अगदी काटेकोर नसतं, तरी साउंडचेकला मंचावर काय चाललंय ते कळतं. यंत्रांवर माझा राग नाही. बिघाड दाखवला तोही यंत्रानेच.

एका बाबतीत मात्र थांबू नका. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. उपचार जितक्या लवकर, तितकी आशा जास्त.

आणि पुढच्या साउंडचेकला स्वतःचा मॉनिटर वाढवून मागण्याआधी शेजारच्यांचे कमी करता येतील का ते विचारा. तरुण वादकांनी कान चांगले आहेत तेव्हाच एक ऑडिओग्राम काढून ठेवावा. पुढे तुलना करायला तोच कागद लागतो.